सव्वा तास कोण ऐकतंय?

मी डीजे आहे. हे वाक्य उच्चारलं की ऐकणारा आधी माझ्या टकलाकडे बघतो, मग चष्म्याकडे, आणि मग माझ्या मागे दुसरं कोणी उभं आहे का ते वाकून बघतो. त्याला मी दोष देत नाही. दिवसभर मी भूमापन खात्यात बसून नकाशे सांधतो. म्हणजे एका तक्त्यावरचा रस्ता शेजारच्या तक्त्यावर बरोबर त्याच जागी उतरतोय ना, ओढा मधेच गायब होत नाही ना, एवढं बघायचं. हे काम जन्मभर केलं की माणसाला जोड बघायची खोड लागते. पाहुणे म्हणून गेलो की बाकीचे घराचं कौतुक करतात आणि मी पडद्याच्या शिवणीवरची फुलं जुळली आहेत का ते तपासतो. अशा माणसाच्या कानावर ट्रान्स पडलं की तो त्यातून सहजासहजी उठत नाही. मी तर उठलोच नाही.

ट्रान्स म्हणजे काय ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक ठोका धरायचा आणि तो सोडायचा नाही. त्यावर हळूहळू सूर चढत जातात, आणखी चढतात, आता काहीतरी होणार असं वाटतं, होत नाही, पुन्हा वाटतं, आणि बऱ्याच वेळाने एकदाचं ते होतं. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला हे संगीत समजावून सांगावं लागत नाही. आणि मिक्स अल्बम म्हणजे वेगवेगळ्या लोकांच्या अशा रचना निवडून त्या एकमेकींत इतक्या अलगद मिसळायच्या, की पहिली कधी संपली आणि दुसरी कधी सुरू झाली ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. थोडक्यात, नकाशाचंच काम, फक्त बसल्याजागी पाय हलतो.

असा एक सव्वा तासाचा अल्बम मी केला. मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, कानांवर हेडफोन चढवून. "ह्यांना घरात असून घरात नसण्याची सोय झाली," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रचनाकारांच्या परवानग्या मागवल्या, तेव्हा जगभरातून उत्तरं आली. एकाने संगीत सोडून बेकरी काढली होती, त्याने "वाजवा" एवढंच लिहिलं. दुसऱ्याने ही रचना आपलीच आहे का अशी उलट माझ्याकडेच चौकशी केली. मी पुराव्यासह त्याची खात्री पटवली, तेव्हा बिचाऱ्याला फार आनंद झाला.

खरा घोळ झाला नोंदणी कार्यालयात. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचायला घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"गीतकाराचा रकाना कोरा आहे."

"गीतकार नाही."

"अरेरे. कधी गेले?"

"गेले नाहीत. मुळात नव्हतेच. शब्दच नाहीत."

"बाराच्या बारा गाण्यांत एक शब्द नाही?"

"एकात एक बाई 'आऽऽ' म्हणते."

त्याचा चेहरा उजळला. "मग तसं बोला की! लोक महत्त्वाचं तेवढं नेमकं लपवतात." त्याने रकान्यात 'आ' लिहिलं. मग त्याचं पेन थबकलं. "पण हे 'आ' कोणाला उद्देशून आहे? कोणाच्या भावना दुखावल्या तर?"

मी म्हटलं, "दुखल्यावर म्हणतात तसलं 'आ' नाहीये ते. बरं वाटल्यावरचं आहे."

"लेखी द्या."

मी लिहून दिलं. 'सदर "आ" हा उद्गार समाधानाचा असून त्यातून कोणताही अन्य अर्थ निघत नाही व निघाल्यास त्यास मी जबाबदार राहीन.' खाली सही केली. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींची जबाबदारी टाळली आहे, पण एका अनोळखी बाईच्या समाधानाची मात्र मी स्वखुशीने घेतली.

शिक्का मारलेला कागद घेऊन मी घरी आलो, तो जणू किल्ला जिंकून आलेला. दारातच कॉलेजातल्या मुलीने माझा पाडाव केला.

"बाबा, हल्ली अल्बम कोण ऐकतं? लोक अर्धा मिनिट ऐकतात आणि पुढे सरकवतात."

"अगं, पहिल्या अर्ध्या मिनिटात तर नुसती टिकटिक आहे!"

"मग तर झालंच," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

हे मला लागलं. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकला. माझ्या अल्बमचं सगळं मर्म तो न तोडता ऐकण्यात. मधून कापला तर उरतं काय? मला टाळ्या, हारतुरे, पेपरात फोटो यांतलं काही नको होतं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एका जागी ऐकेल असा एकच माणूस हवा होता. एवढ्या मोठ्या जगात एक माणूस मागणं म्हणजे काही हाव नव्हे, असा माझा समज होता.

पहिला मान अर्थातच बायकोचा. ती हात पुसून, पदर खोचून सोफ्यावर बसली. बराच वेळ मन लावून ऐकलं आणि मायेने म्हणाली, "छान आहे हो. पण सुरू कधी होणार?" मी सांगेपर्यंत दारावरची घंटा वाजली. पुढच्या वेळी तिच्या बहिणीचा फोन आला. त्याच्या पुढच्या वेळी दूध उतू गेलं. माझ्या संगीतात आणि आमच्या दुधात काहीतरी अंतस्थ नातं असावं, कारण सूर चढायला लागले की तेही चढायचं. कचेरीतला सहकारी डोळे मिटून तल्लीन झाला. मी भारावून त्याच्याकडे बघत राहिलो, तो घोरायला लागला.

शेजारचे निवृत्त गणिताचे मास्तर मात्र शिस्तीचे. ते वही-पेन्सिल घेऊन ऐकायला बसले. थोड्या वेळाने हात वर करून म्हणाले, "हे दुसरं गाणं सुरू झालं ना?"

"नाही मास्तर, चौथं चालू आहे."

"आणि मधली दोन? ती कधी होऊन गेली? मला सांगितलं का नाही?"

हीच तर माझी कला, असं मी सांगायला गेलो. पण मास्तरांना आपण फसवले गेलो असं वाटलं. त्यांनी पहिल्यापासून लावायला सांगितलं, पुन्हा चौथ्यापाशी घोटाळले, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्याच्या पुढे त्यांचं मार्गक्रमण कधीच झालं नाही. त्यांच्या शाळेतली मुलं कशी पुढच्या इयत्तेत गेली असतील, देव जाणे.

तेव्हा मी ठरवलं की आता लोकांना एका जागी बसवायचं आणि दारं लावून घ्यायची. सोसायटीचा हॉल घ्यायचा, रविवारी सकाळी रीतसर प्रकाशन करायचं. आता हॉल म्हटला की सेक्रेटरी आले. हे गृहस्थ पूर्वी एका कारखान्यात मालाचा दर्जा तपासायचे. वस्तू उलटीपालटी करून ती नापास करायची, यात त्यांची हयात गेली. ते बरोबर आमच्या डोक्यावरच्या घरात राहतात आणि माझं खरं नाव विसरून मला 'धडधडे' म्हणतात. पुढे पुढे माझी पत्रंसुद्धा त्याच नावाने येऊ लागली.

"हॉल कौटुंबिक किंवा सांस्कृतिक कार्यक्रमाला मिळतो," ते म्हणाले. "तुमचं हे कशात बसतं, धडधडे?"

"सांस्कृतिक."

"शब्द आहेत?"

"एक 'आ' आहे. सरकारमान्य."

त्यांनी मला हॉलमध्ये नेलं आणि समोरच्या लांबलचक भिंतीकडे बोट केलं. "ही बघा. तीनदा रंगवली. तिन्ही वेळा रंगारी मधे चहाला थांबले आणि तिन्ही वेळा मधोमध पट्टा उठला. भिंत एका टोकाला धरली की दुसऱ्या टोकाला सोडायची. रंगाचा काठ ओला आहे तोवर पुढचा हात बसला पाहिजे. काठ सुकला की मेलं, जोड दिसलाच. पण सांगायचं कोणाला?"

मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं डोक्यावर राहून हा माणूस माझ्याच विचारांचा होता आणि आम्ही एकमेकांना नोटिसा पाठवत होतो! अर्थात हे प्रेम एकतर्फी होतं. "ही भिंत पट्टा न उठता करून द्या आणि हॉल घ्या," असं म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

मी भिंत रंगवतोय ही बातमी फुटल्यावर जिन्यात सल्ल्यांचा पूर आला. रंग कोणता असावा यावर इमारतीत दोन तट पडले, फिकट पिवळा आणि फिकट निळा. सेक्रेटरींनी पांढरा जाहीर केला, तेव्हा दोन्ही तट एक होऊन माझ्यावर घसरले. मास्तरांनी भिंतीचं क्षेत्रफळ काढून दिलं आणि त्यातून खिडकी वजा केली, त्या भिंतीला खिडकी नसताना. शेवटी रंगारी ठरले. शुक्रवारी पहिला हात मारून गेले. शनिवारी दुपारी शेवटचा हात मारायचा होता, तर निरोप आला, "गावी आलोय, सोमवारी बघू." रविवारी प्रकाशन, आमंत्रणं गेलेली, आणि माझी अब्रू अर्धी रंगवलेली.

मग मी जुना पायजमा चढवला. रंगाचे डबे उघडले, ट्रे भरले. लॅपटॉपवर शिंतोडे उडू नयेत म्हणून तो कोपऱ्यात प्लास्टिकखाली नीट झाकला आणि एकट्याला सोबत म्हणून अल्बम लावून दिला. मनात दुसरा कुठलाही बेत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. टिकटिक सुरू झाली आणि मी पहिला रोलर फिरवला.

पाठोपाठ मास्तर आले. "असा उभा-आडवा नको. खालून वर, वरून खाली."

"धरून दाखवता का?" मी म्हटलं.

हा प्रश्न विचारला की आपल्याकडचा कुठलाही सल्लागार सुटत नाही. मास्तरांचे गुडघे दुखतात, म्हणून हॉलमधली चाकांची खुर्ची ओढून ते तिच्यावर बसले आणि भिंतीचा खालचा भाग करू लागले. पायाने जमीन ढकलत पुढे सरकायचं आणि रोलर फिरवायचा. बायको "जेवायला येताय की नाही" असं विचारायला आली आणि माझी उंची व भिंतीची उंची बघून मुकाट्याने मधला भाग घेऊन बसली. वरचा भाग कोणालाच पोचत नव्हता. आम्ही त्यावर विचार करत असताना दारात सेक्रेटरी उभे राहिले.

"धडधडे! हॉल उद्या दिलाय, आज नाही! बंद करा ते!"

एवढं बोलून ते तावातावाने लॅपटॉपकडे निघाले आणि वाटेत त्यांची नजर भिंतीवर गेली. वरचा काठ कोरडा पडत चालला होता. त्यांचं पाऊल थांबलं. एकीकडे आवाज, दुसरीकडे पट्टा. त्यांच्या चेहऱ्यावर जे युद्ध झालं ते बघून मला त्यांची दया आली.

"अहो, सुकतंय ते! बघत काय बसलात? आणा तो लांब दांडीचा रोलर इकडे!"

आणि सेक्रेटरी वर, बायको मधे, मास्तर खाली, असे तिघं एका रेषेत भिंतीबरोबर सरकू लागले. मी मागे-पुढे पळून ट्रे भरत होतो, थेंब पुसत होतो. चौथं गाणं आलं, आणि मास्तर चक्क त्याच्या पुढे गेले! हातात रोलर असताना पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायची सोयच नव्हती. पाचवं सुरू झालं तेव्हा सेक्रेटरी ओरडले, "ते थोडं कमी तरी करा!"

मी माझे हात वर केले. कोपरापर्यंत पांढरे. बायकोने आपले दाखवले. मास्तरांचे तर कानही पांढरे होते. सेक्रेटरींनी स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आता या खोलीत बटण दाबू शकेल असा एकही हात उरलेला नाही. मास्तरांच्या खिशातला फोन वाजून वाजून गप्प बसला. बायकोच्या बहिणीचाही वाजला. "वाजू दे मेला," असं ती म्हणाली, तेव्हा लग्नानंतर प्रथमच मला तिची पाठमोरी मूर्ती इतकी सुंदर वाटली. सहाव्याच्या सुमारास मुलगी आम्हाला शोधत आली. ती तोंड उघडणार एवढ्यात तिच्या आईने तिच्या हातात ब्रश दिला आणि खालची कड धरायला सांगितलं.

मग सूर चढायला लागले. रोलर ठोक्यावर वर जायचे, ठोक्यावर खाली यायचे. मास्तरांच्या खुर्चीची चाकं कुरकुरायची तीही बरोबर जागेवर. ती बाई 'आऽऽ' म्हणाली, तेव्हा सेक्रेटरींचा रोलर थेट छतापर्यंत गेला आणि कोणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. मी खाली बसून उगीचच एक थेंब पुन्हा पुन्हा पुसत राहिलो. शेवटचा ठोका विरला तेव्हा तिघांचे रोलर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला टेकले होते.

"संपलं?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात जराशी हळहळ होती. निदान मला तरी तसं ऐकू आलं.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली. कामाच्या नादात ठोक्याला हात चालला, त्याला ऐकणं म्हणायचं का? पंखा चालू असतो तेव्हा आपण पंखा ऐकतो का? या एका विचाराने रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

रविवारी सकाळी खुर्च्या मांडत असताना हॉलमधून हाक आली, "धडधडे! इकडे या!" मी धावलो. भिंत वाळली होती. सकाळच्या उजेडात ती लोण्यासारखी गुळगुळीत दिसत होती. मध्यावर पट्टा नाही, कुठे डाग नाही. पण शेवटाकडे, वरपासून खालपर्यंत, एक केसासारखी बारीक रेघ होती. सेक्रेटरी तिच्यासमोर हताश उभे होते. आमंत्रित मंडळी जमत होती. मास्तर आपली चष्म्याची काच पुसत होते.

"एकाची चूक असती तर एकाच्याच भागात दिसली असती," सेक्रेटरी म्हणाले. "वरचा मी, मधल्या वहिनी, खालचे मास्तर. तिघं एकाच क्षणी कसे चुकलो? मी तर जन्मात अडखळलो नाही!"

मी भिंतीच्या सुरुवातीपासून रेघेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. मग लॅपटॉप उघडला आणि अल्बम दहाव्या रचनेच्या शेवटाशी नेऊन लावला. सूर ओसरू लागले, खालून अकरावी वर येऊ लागली, आणि एका जागी ठोका अगदी जरासा लंगडला. लगेच सावरला, पण लंगडला. सेक्रेटरींचा रिकामा हात हवेत झटका खाऊन थांबला. मास्तरांचा पाय जमिनीवर घसरला. बायकोने वळून माझ्याकडे बघितलं.

"हीच ती जागा," ती म्हणाली. "काल इथेच माझा हात अडखळला. मला वाटलं मीच चुकले."

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "मी चुकलो. अकरावी अर्धा ठोका उशिरा आली. शिक्का बसल्यावर लक्षात आलं. म्हटलं, तिथपर्यंत कोण पोचतंय!"

तिघं पोचले होते. इतकंच नव्हे, तर तिघंही शुद्धीवर होते, कानांनी जागे होते, आणि त्याचा पुरावा भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत पांढऱ्यावर पांढरा उमटला होता. मी मटकन खुर्चीत बसलो आणि सगळ्या पाहुण्यांदेखत हसलो, थोडा रडलोही. मुलीने माझा चष्मा काढून पुसून दिला. मग ती उठून लॅपटॉपपाशी गेली, अल्बम पहिल्यापासून लावला आणि हॉलची दारं स्वतः बंद केली.

रंगारी सोमवारी हजर झाले. "रेघ बुजवून टाकू," असं म्हणाले. सेक्रेटरी आडवे आले. आता हॉलमध्ये कोणीही नवीन आलं की ते त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेतात, रेघेवरून बोट फिरवतात आणि छाती काढून सांगतात, "इथे धडधडे चुकले. बाकी भिंत आमची!"